बाबांच्या ॲन्जिओप्लास्टीनंतर ‘नो-रिफ्लो’ लिहिलंय, सीबीसीवरून हे आधी कळलं असतं का?

उमरेड_रोडवाला

नमस्कार मंडळी, बाबांबद्दल विचारायचं आहे, जरा लांब होईल पण सगळंच लिहितो म्हणजे तुम्हाला अंदाज येईल. बाबा ६७ वर्षांचे, शुगर जुनी, बीपीची गोळी चालू. मागच्या महिन्यात गावी होते, उमरेडच्या पुढे आमची थोडी शेती आहे, पहाटे छातीत जड वाटायला लागलं आणि घामानं बनियन पूर्ण ओलं. तिथल्या डॉक्टरनं ईसीजी काढून लगेच सांगितलं की मोठा अटॅक आहे, चघळायला गोळी दिली आणि नागपूरला न्या म्हटलं. गाडी मिळेपर्यंत, मग नागपूर, मग ॲडमिशनचे कागद, असं करत कॅथलॅबमध्ये घेतलं तेव्हा दुखणं सुरू होऊन सहा तासांच्या वर झाले होते. एलएडी, म्हणजे हार्टची पुढची मोठी नस, १०० टक्के बंद. स्टेंट टाकला, डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले की नस उघडली पण पुढे रक्त नीट सरकून नाही राहिलं, औषधं दिल्यावर थोडं सुधारलं. डिस्चार्ज कार्डावर ‘नो-रिफ्लो, टिमी १, औषधानंतर टिमी २’ असं लिहिलंय. इकोमध्ये पंपिंग ३८ टक्के.

आता घरी आहेत, गोळ्या चालू आहेत, पण अंगणातून गेटपर्यंत गेले तरी दम लागतो.

खरा प्रश्न असा की माझा चुलतभाऊ औषध कंपनीत आहे, त्यानं घरच्या ग्रुपवर लिहिलं की सीबीसीमधले (रक्तातल्या पेशींची मोजणी) न्यूट्रोफिल भागिले लिम्फोसाइट, हे पांढऱ्या पेशींचे दोन प्रकार, केले की एनएलआर निघतो, तो जास्त असला की स्टेंटनंतर रक्त अडकणार हे आधीच कळतं, मग डॉक्टरांनी पाहिलं काहून नाही. तेव्हापासून घरात कोणाला चैन नाही, आई सारखी मलाच विचारून राहिली. बाबांचा त्या दिवशीचा सीबीसी असा: पांढऱ्या पेशी १४,२००, न्यूट्रोफिल ८२, लिम्फोसाइट १०, प्लेटलेट २.६ लाख, एमपीव्ही ११.८, आरडीडब्ल्यू १५.९, हिमोग्लोबिन ११.२, एमसीव्ही ७४. म्हणजे एनएलआर ८.२. हा आकडा खरंच इतकं सांगतो का? आणि आता पुन्हा सीबीसी करून तो कमी झाला का हे पाहत राहायचं का? कोणी डॉक्टर किंवा लॅबवाले असाल तर समजेल अशा भाषेत सांगा.

धंतोली_लॅब

भाऊ, आधी बाबांना लवकर आराम पडो. मी बरीच वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, तर लॅबच्या बाजूनं सांगतो.

एनएलआर बरोबर काढलात. धडधाकट माणसात तो साधारण १ ते ३ च्या आसपास असतो. पण अटॅक आलेल्या माणसात ८ पाहून मला तरी नवल वाटत नाही. हार्टचा स्नायू मरायला लागला की काही तासांतच न्यूट्रोफिल रक्तात वाढतात, आणि अंगावर एवढा ताण आला की कॉर्टिसोल हे ताणाचं हार्मोन वाढतं, त्यानं लिम्फोसाइट खाली येतात. वरचा आकडा वाढला, खालचा कमी झाला, भागाकार फुगणारच. न्यूमोनिया, मोठं ऑपरेशन, स्टेरॉइडची सुई, यातही असाच फुगतो. म्हणून हा आकडा एकट्यानं कशाचं निदान करत नाही.

एमपीव्हीबद्दल तर मी खूप जपून बोलीन. एमपीव्ही म्हणजे प्लेटलेटचा सरासरी आकार. मोठ्या प्लेटलेट जास्त चिकट आणि जास्त सक्रिय असतात हे खरं आहे, म्हणून लोक तो पाहतात. पण सीबीसीचं रक्त जांभळ्या टोपीच्या ट्यूबमध्ये घेतात, त्यात ईडीटीए असतं, आणि ईडीटीएमध्ये प्लेटलेट हळूहळू फुगतात. सॅम्पल मशीनवर लगेच लागलं तर एक आकडा, इमर्जन्सीच्या गर्दीत दोन तास रॅकवर पडून राहिलं तर दुसरा. मशीनची पद्धत बदलली तरी फरक येतो. ११.८ वरून घरच्या ग्रुपवर कोणी निष्कर्ष काढत असेल तर त्यांना विचारा की ट्यूब किती वाजता भरली आणि किती वाजता मशीनला लागली.

आरडीडब्ल्यू म्हणजे लाल पेशींच्या आकारात किती कमीजास्तपणा आहे ते. हार्टच्या पेशंटमध्ये तो जास्त असला तर पुढचा त्रास जास्त दिसतो असं संशोधनात येतं. पण तुमच्या बाबांचा आरडीडब्ल्यू १५.९, एमसीव्ही म्हणजे लाल पेशींचा सरासरी आकार ७४ आणि हिमोग्लोबिन ११.२ हे तिन्ही एकत्र पाहिलं की मला आधी लोह कमी असल्याचा संशय येतो. बी-१२ कमी असेल तर त्यानंही आरडीडब्ल्यू वाढतो, पण मग एमसीव्ही सहसा वर जातो, इथे खाली आहे. आपल्या विदर्भात सिकलसेल आणि थॅलेसिमिया मायनर पुष्कळ सापडतात, तेही लक्षात ठेवावं लागतं.

तुम्ही सगळे एनएलआरकडे बघून राहिले आणि मला मात्र त्या कागदावर हिमोग्लोबिन खटकतंय. ६७ वर्षांच्या पुरुषाला लोहाची कमी उगीच होत नाही. आणि आता ते रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्यांवर आहेत. जुना सीबीसी घरात असला तर शोधा, आणि एवढा प्रश्न पुढच्या व्हिजिटला नक्की विचारा.

कॅथलॅब_सिस्टर

मी कॅथलॅबमध्ये काम करते, त्यामुळे नो-रिफ्लो समोर पाहिलेला आहे, आणि त्या वेळी टेबलाजवळ सगळ्यांचे चेहरे कसे होतात तेही. डॉक्टरला सगळ्यात नकोसा वाटणारा तो क्षण असतो. घरच्यांना फक्त बाहेर येऊन दोन वाक्यात सांगितलं जातं, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

टिमी हा फ्लोचा ग्रेड आहे, ० म्हणजे डाय (ॲन्जिओत नसेत सोडतात तो द्रव) पुढे जातच नाही, १ म्हणजे अडथळ्याच्या थोडी पुढे जाऊन थांबते, २ म्हणजे शेवटपर्यंत जाते पण हळू, आणि ३ म्हणजे नॉर्मल. तुमच्या बाबांचा १ वरून २ वर आला, म्हणजे टीमनं तिथे काहीतरी कमावलं, हे आईला सांगा.

आता नस उघडून, स्टेंट व्यवस्थित बसून, आत कुठे गुठळी किंवा नस फाटलेली दिसत नसूनही रक्त पुढे का जात नाही? तुमची शेती आहे म्हणून असं सांगते, मोठ्या कालव्याचं गेट उघडलं पण शेतातल्या पाटचाऱ्या गाळानं बुजलेल्या असतील तर पाणी वाफ्यापर्यंत पोचत नाही. हार्टमध्ये या पाटचाऱ्या म्हणजे केशवाहिन्या, ५ ते १० मायक्रॉन रुंद. रक्त बराच वेळ बंद राहिलं की त्यांची आतली अस्तराची पेशी सुजते, बाहेरून स्नायूही सुजून दाबतो. फुग्यानं नस उघडताना गुठळीचे आणि चरबीचे बारीक कण सुटून पुढे जातात. आणि रक्त परत आलं की न्यूट्रोफिल त्या जखमी अस्तराला येऊन चिकटतात, ते आकारानं मोठे आणि लाल पेशीपेक्षा कडक, प्लेटलेट त्यांना चिकटतात, असे पुंजके तोंडाशी अडकतात. वर बारीक नसा आकसतात ते वेगळंच. त्यामुळे तुमचा भाऊ न्यूट्रोफिल आणि प्लेटलेटचं नाव घेतो ते हवेतलं नाही, त्या पेशी खरंच या प्रकारात सामील आहेत.

ही गोष्ट जुनी आहे. १९७४ मध्ये क्लोनर, गॅनोट आणि जेनिंग्ज यांनी कुत्र्यांच्या हार्टवर दाखवलं होतं की नस ४० मिनिटं बंद ठेवून उघडली तर रक्त सगळीकडे परत पोचतं, आणि ९० मिनिटं बंद ठेवून उघडली तर आतल्या थरात काही भागात पोचतच नाही. म्हणजे वेळ. मी रोज पाहते ते हेच आहे. उशीर, खूप मोठी गुठळी, नस पूर्ण बंद, वाढलेली शुगर, वय, यातलं बरंचसं एकाच पेशंटमध्ये असलं की आम्ही आधीपासूनच औषधं भरून ठेवतो. एडिनोसिन, नायट्रोप्रुसाइड, व्हेरापामिल, निकोरँडिल, टिरोफिबान, बीपी खूप पडलं असेल तर अगदी कमी डोसात ॲड्रिनलिन, परिस्थिती पाहून यातलं काय द्यायचं ते डॉक्टर ठरवतात, पुष्कळदा बारीक कॅथेटरनं नसेत पुढे नेऊन. हमखास सगळ्यांना लागू पडेल असं एकही नाही. गुठळी ओढून काढायची नळी पूर्वी सर्रास वापरायचे, पण २०१३ चा टेस्ट (TASTE) आणि २०१५ चा टोटल या मोठ्या ट्रायलमध्ये सरसकट वापराचा फायदा दिसला नाही, टोटलमध्ये स्ट्रोक थोडे जास्त निघाले, म्हणून आता निवडक पेशंटमध्येच.

आणि एक, एमआरआय काढून पाहिलं तर मोठ्या अटॅकच्या जवळपास निम्म्या पेशंटमध्ये बारीक नसांमधला हा अडथळा थोडाफार सापडतो, ॲन्जिओवर फ्लो छान दिसला तरीसुद्धा. तुमच्या बाबांच्या बाबतीत काहीतरी विचित्र किंवा कोणाच्या हातून बिघडलं म्हणून घडलं असं मनात घेऊ नका.

मेडिसीन_रेसिडेंट

वरचे दोन्ही रिप्लाय चांगले आहेत, फक्त धंतोली_लॅब यांच्याशी एका बाबतीत थोडा वाद घालतो. एनएलआर निरुपयोगी नाही. तुर्कस्तान, चीन आणि इतर ठिकाणच्या कितीतरी अभ्यासांत आल्या आल्या काढलेला एनएलआर जास्त असलेल्या पेशंटमध्ये नो-रिफ्लो जास्त दिसलेला आहे, आणि हे पुन्हा पुन्हा दिसलंय. प्लेटलेट भागिले लिम्फोसाइट म्हणजे पीएलआर, आणि प्लेटलेट गुणिले एनएलआर म्हणजे एसआयआय, तेही असेच वापरतात. बाबांचा पीएलआर साधारण १८३ आणि एसआयआय २,१३२ येतो. सीबीसी स्वस्त आहे, प्रत्येक ठिकाणी होतो, म्हणून संशोधकांना त्यात रस आहे आणि तो योग्यच आहे.

पण तुमच्या भावाचं ‘आधीच कळलं असतं’ हे मात्र पटत नाही, आणि का ते नीट लिहितो कारण यावर घरात भांडण होऊन राहिलंय. हे बहुतेक अभ्यास मागे वळून जुन्या फाइली पाहून केलेले आहेत, प्रत्येकात कटऑफ वेगळा, कोणी ३ म्हणतो कोणी ५. मुख्य अडचण अशी की जो पेशंट उशिरा येतो त्याच्या रक्तात न्यूट्रोफिल वाढायला जास्त तास मिळालेले असतात, म्हणून त्याचा एनएलआर जास्त. आणि तोच पेशंट उशिरा आल्यामुळे त्याच्या बारीक नसा जास्त खराब झालेल्या असतात, म्हणून नो-रिफ्लोही जास्त. दोन्हीच्या मागे तोच उशीर. आकडेमोडीनं हे काही प्रमाणात वेगळं करता येतं, पण एका माणसाच्या कागदावर ८.२ पाहून त्यातला किती हिस्सा उशिराचा, किती शुगरचा आणि किती त्याच्या प्रकृतीचा हे कोणीही सांगू शकत नाही.

आणि समजा डॉक्टरांनी ८.२ पाहिला असता, तर काय वेगळं केलं असतं? नस १०० टक्के बंद, ईसीजीत मोठा अटॅक, दुखणं सहा तासांचं. नस उघडणं हाच उपाय होता आणि तो जितका लवकर तितका बरा. कुठल्याही मोठ्या गाइडलाइनमध्ये एनएलआर पाहून कॅथलॅबमध्ये वेगळा निर्णय घ्या असं नाही. पुष्कळ वेळा सीबीसीचा रिपोर्ट येण्याआधी पेशंट टेबलावर असतो आणि तसंच असायला हवं. रिपोर्टची वाट पाहत थांबले असते तर मी नाराज झालो असतो.

जळजळ, म्हणजे इन्फ्लमेशन, कमी करून फायदा होतो का हा प्रश्न खरा आहे आणि त्यावर मोठं काम चालू आहे. २०१९ च्या कोलकॉट ट्रायलमध्ये अटॅकनंतर कोल्चिसिन ०.५ मिलिग्रॅम दिल्यावर पुढचे हार्टचे प्रसंग कमी झाले, मग २०२४ मध्ये क्लिअर नावाच्या त्याहून मोठ्या ट्रायलमध्ये फायदा दिसला नाही. त्यामुळे भाऊ उद्या कोल्चिसिनची चिठ्ठी पाठवेल तर मेडिकलमधून आणून सुरू करू नका. किडनी कमजोर असेल तर ते औषध त्रास देतं आणि काही अँटिबायोटिकसोबत तर धोक्याचं आहे.

एनएलआर मोजत बसायची गरज नाही. सीबीसी पुन्हा करा, पण हिमोग्लोबिनसाठी. इथे मी लॅबवाल्या भाऊंच्या बाजूनं आहे.

उमरेड_रोडवाला

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. सिस्टरचं आणि रेसिडेंट साहेबांचं आईला वाचून दाखवलं, पाटचारीचं ऐकून बाबाच म्हणाले की आता समजलं.

जुना रिपोर्ट शोधला. दीड वर्षापूर्वी शुगरच्या कॅम्पमध्ये केलेला, त्यात हिमोग्लोबिन १३.४ होतं. म्हणजे अटॅकच्या दिवशी ११.२, तेव्हा तर स्टेंटच्या गोळ्या सुरूही झाल्या नव्हत्या. मग आईनं सांगितलं की गुडघे दुखतात म्हणून बाबा गावच्या दुकानातून दुखण्याच्या गोळ्या आणून घेतात, डायक्लोफेनॅक, कितीतरी महिन्यांपासून, जवळपास रोज. डिस्चार्ज झाल्यावरही अधूनमधून घेऊन राहिले, कारण ते म्हणतात की ही गोळी तर हार्टची नाही, तिचं काय. शौच कधी कधी काळी होते असंही आता सांगितलं. सध्या ॲस्पिरिन, टिकॅग्रेलॉर, ॲटोर्वास्टॅटिन, रॅमिप्रिल, मेटोप्रोलॉल आणि सकाळची पोटाची गोळी चालू आहे. काय करू?

मेडिसीन_रेसिडेंट

भाऊ, पुढच्या तारखेची वाट पाहू नका, उद्याच दाखवा. काळी, चिकट, डांबरासारखी शौच, चक्कर, नाडी जोरात चालणं, यातलं काही आज रात्री झालं तर सरळ कॅज्युअल्टी, नागपुरातलं मेडिकल, मेयो, एम्स, जे हॉस्पिटल जवळ पडेल ते.

डायक्लोफेनॅक आत्तापासून पूर्ण बंद. ती गोळी पोटात जखम करते, हळूहळू रक्त जात राहतं आणि लोह संपतं, त्यात आता ॲस्पिरिन आणि टिकॅग्रेलॉर म्हणजे वाहणारं रक्त थांबायला वेळ लागणार. शिवाय डायक्लोफेनॅकनं अटॅकचाही धोका वाढतो, आणि पंपिंग कमी असलेल्या माणसाच्या अंगात पाणी साचतं, रॅमिप्रिलसोबत किडनीवर ताण येतो. दम लागतो त्यात याचाही हात असू शकतो. गुडघ्यासाठी तोवर पॅरासिटामॉल चालेल का आणि किती, ते डॉक्टरांना विचारा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, कृपा करून हे नीट वाचा: भीतीनं स्टेंटच्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका. ॲस्पिरिन आणि टिकॅग्रेलॉर नव्या स्टेंटला महिन्याभरात बंद केले तर आत गुठळी होऊ शकते, आणि तो अटॅक पहिल्यापेक्षा वाईट असतो. गोळी बदलायची, कमी करायची की तशीच ठेवायची हे कार्डिओलॉजिस्ट आणि पोटाचे डॉक्टर मिळून ठरवतील.

रामटेकची_सून

माझ्या सासऱ्यांना असंच झालं होतं, स्टेंटनंतर फ्लो नाही, पंपिंग ३५. घरी आल्यावर आम्ही सगळे त्या एका आकड्याकडे बघून रडायचो. आमच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की अटॅकनंतर लगेचच्या इकोत काही स्नायू मेलेला नसतो, नुसता सुन्न पडलेला असतो, त्याला सावरायला आठवडे लागतात, म्हणून दीड ते तीन महिन्यांनी पुन्हा इको करायचा आणि मगच पुढचं बोलायचं. नो-रिफ्लो झालेल्यांचं सावरणं कमी होतं असंही स्पष्ट सांगितलं होतं, खोटी आशा दिली नाही. आमच्याकडे ३५ वरून ४२ वर आलं. मीठ कमी, रोज सकाळी वजन करून वहीत लिहायचं, दोन दिवसांत दोन किलो वाढलं तर फोन करायचा, आणि उन्हाळ्यात चालणं अगदी सकाळीच, नागपूरच्या मे महिन्यात आठनंतर बाहेर काढायचंच नाही. त्या पुढच्या इकोत डाव्या कप्प्यात गुठळी नाही ना हेही विचारा, समोरच्या भागाच्या मोठ्या अटॅकनंतर ते पाहावं लागतं.

उमरेड_रोडवाला

दाखवून आलो. हिमोग्लोबिन आता १०.१. डॉक्टरांनी डायक्लोफेनॅकची पाकिटं स्वतःच्या हातानं घेऊन टाकून दिली. पोटाची गोळी दोन वेळा केली, ॲस्पिरिन तसंच ठेवलं, टिकॅग्रेलॉरच्या जागी क्लोपिडोग्रेल दिलं, आणि पोटाच्या डॉक्टरांकडे दुर्बिणीसाठी पाठवलं, तारीख या आठवड्यातली आहे. एनएलआरचं मी विचारलंच, ते म्हणाले आता तो विषय सोडा, आणि मग दहा मिनिटं फक्त हिमोग्लोबिनवर बोलले. भावालाही फोन करून सगळं सांगितलं, त्यानं ऐकून घेतलं आणि दुर्बिणीच्या दिवशी तो येऊन राहिला. फेरिटिन करायला सांगितलंय, त्यात काही काळजी घ्यायची का?

धंतोली_लॅब

फेरिटिन म्हणजे अंगातल्या लोहाच्या साठ्याची तपासणी, त्यासोबत ट्रान्सफेरिन सॅच्युरेशनही (रक्तात लोह वाहून नेणाऱ्या प्रोटीनवर किती लोह आहे ते) करायचं का ते डॉक्टरांना विचारून घ्या. फेरिटिन इन्फ्लमेशनमध्ये वाढतं, म्हणून अटॅकनंतर लोह कमी असूनही ते नॉर्मल दिसू शकतं. पंपिंग कमी असलेल्या पेशंटमध्ये फेरिटिन १०० च्या खाली, किंवा १०० ते २९९ आणि सॅच्युरेशन २० टक्क्यांच्या खाली, याला लोहाची कमतरता धरतात, साध्या रिपोर्टवर छापलेली नॉर्मल रेंज वेगळी असते, त्यामुळे ‘नॉर्मल’ वाचून फाइलीत टाकून देऊ नका. रक्त सकाळी द्या, आणि लोहाच्या गोळ्या सुरू केल्या असतील तर लॅबमध्ये तसं सांगा. गोळ्यांनी शौच काळी होते, म्हणून दुर्बीण होईपर्यंत सुरू करायच्या की थांबायचं हेही पोटाच्या डॉक्टरांना आधी विचारा, नाहीतर रक्त जातंय की गोळीचा रंग आहे हे कळत नाही.